अकरा बायकांचं एक वाक्य

मला एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे असं माय म्हणते, आणि पीएचडीच्या पाचव्या वर्षी ती भिंगरी डोक्यात शिरली. मुलाखत उतरवायला बसले की दहा मिनिटांत उठायचे, गच्चीवर जायचे, पांडेसऱ्यातल्या गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर आज कुठल्या अंगाला वळलाय ते बघायचे, खाली यायचे, पुन्हा हेडफोन कानाला लावायचे. माय खाली बसून साड्यांचे धागे कापत असायची. मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, साडी घडी करून गठ्ठ्यावर ठेवायची, पुढची घ्यायची. तिच्या कात्रीचा आवाजसुद्धा मला सोसायचा नाही. "जरा हळू काप ना गं," मी ओरडायचे. धागे कापण्यात हळू आणि जोरात काय असतं, देव जाणे. ती बिचारी खरंच हळू कापायची.

विषय मी स्वतःच निवडला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला शिव्या घालायचीही सोय नव्हती. खानदेशातून सुरतेला आलेल्या, घरी बसून धागे कापणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या बायका 'आपलं घर' कशाला म्हणतात? आणि पद्धत ग्राउंडेड थिअरी. नेहमीच्या संशोधनात आधी घरी बसून अंदाज बांधतात आणि मग तो खरा की खोटा ते तपासायला लोकांकडे जातात. इथे उलटं. रिकाम्या डोक्यानं जायचं. लोक जे बोलतील ते जसंच्या तसं उतरवायचं, एकेका ओळीला एक छोटं नाव द्यायचं, त्याला कोड म्हणतात. मग या बाईची ओळ त्या बाईच्या ओळीशेजारी ठेवून ताडून बघायची, पुन्हा बघायची, पुन्हा बघायची. असं करता करता सिद्धांत त्यांच्याच बोलण्यातून वर येतो. आणि थांबायचं कधी? तर नव्या मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं की. त्याला सॅच्युरेशन म्हणतात. पोट भरलं, आता ताटात काही वाढू नका, अशी ती अवस्था.

'रिकाम्या डोक्यानं' हे आमच्या मॅडमचं लाडकं. मॅडम म्हणजे माझ्या गाईड, अस्सल सुरती. मी मराठीच्या वळणाचं गुजराती बोलते, त्या गुजरातीच्या वळणाचं हिंदी, आमचं भागतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ओळखलं होतं. "बेटा, तने बधी खबर छे, ए ज तारी तकलीफ छे." तुला सगळं माहीत असतं, तीच तुझी अडचण. मला राग आला होता. माझं माणूस, माझी भाषा, माझी गल्ली, मला नाही माहीत असणार तर काय त्यांना?

पण पहिली चार-पाच घरं साफ फुकट गेली. आमच्याकडे एखादी पोरगी वही आणि पेन घेऊन दारात उभी राहिली की बायका समजतात, सरकारी सर्व्हे आला. "बरं चाललंय." "काही तक्रार नाही." "साहेबांना सांगा, सगळं चांगलं आहे." अगं बाई, कोण साहेब? मी वैतागून घरी आले आणि वही फेकली. तेव्हा माय म्हणाली, मी येते सोबत.

मायचं बोलणं मी इथे प्रमाण मराठीच्या जवळ आणून लिहितेय. ती बोलते ती अहिराणी. ती तशीच लिहिली तर वाचणाऱ्याला कळायची नाही, असं मी स्वतःला सांगते. ही सवय माझी जुनी आहे.

माय सोबत आली आणि सगळं बदललं. ती असली की चहा होतो, चहा झाला की तोंड उघडतं. पहिली बसवली ती समोरची मावशी. नात्याची नाही, गल्लीची. साठी ओलांडलेली, दात तीनच पण जीभ पुरेपूर. उन्हाळ्याचे दिवस होते, पंखा नुसता फिरत होता. मावशी अर्धा तास सुनेबद्दल बोलली आणि मग सहज म्हणाली, "कसलं घर न् कसलं काय पोरी. गावाला गेलं तर पाटावर बसवतात, सुरतेत दारात उभं करतात. चुलीपाशी कुठेच नाही."

माझ्या अंगावर काटा आला. पाटावर बसवतात ते पाहुण्याला, दारात उभं करतात ते परक्याला, आणि चुलीपाशी बसते ती घरची. एका वाक्यात माझा सगळा प्रबंध! घरी आल्यावर मी ते वाक्य मायला तीनदा वाचून दाखवलं. नाचायचंच बाकी राहिलं होतं. "बघ, ही खरी हुशारी! शाळेचं तोंड न बघितलेली बाई काय बोलून गेली!" माय कणीक मळत होती. "चांगलं बोलनी," एवढंच म्हणाली.

पुढच्या घरी, गप्पा रंगल्यावर, दुसऱ्या बाईनं तेच म्हटलं. पाट, दार, चूल. तिसऱ्या घरी पुन्हा. मी हरखले. दिवाळीपर्यंत दहा बायकांच्या मुलाखती झाल्या आणि दहाही जणींच्या तोंडी ते वाक्य होतं. शब्द जरा इकडेतिकडे, पण तेच. मला वाटलं ही आमच्या बायकांची म्हणच असणार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, फक्त माझ्या कानावर कशी पडली नाही! मी त्याला कोड दिला, 'चुलीपाशी कुठेच नाही', आणि त्याच्याभोवती अख्खं प्रकरण विणलं. त्यातल्या दारावर तर मी बावीस पानं लिहिली. पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या व्यापाऱ्याचं दार, जिथे बायका गठ्ठा आणून देतात पण आत जाऊ शकत नाहीत. उंबरठा, मालक, परकेपण, सगळं बसवलं. मॅडमनी वाचलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "सरस!"

एक गोष्ट उरली होती. या पद्धतीत शेवटी मुद्दाम अशा माणसाकडे जायचं असतं जिथे आपला सिद्धांत कदाचित लागू पडणार नाही. तिथेही टिकला तर खरा. मार्चमध्ये माझी नोंदणी संपणार होती. तोवर प्रबंध दिला नाही तर पाच वर्षं पाण्यात, आणि ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते तिथली कायम जागाही दुसऱ्या कुणाला. डिसेंबर उजाडला होता. मी सुरतेबाहेर चलथाणला जायचं ठरवलं. तिथे मायच्या ओळखीची एक बाई होती. तिचा नवरा साखर कारखान्यावर ऊस उतरवायला. साड्यांशी संबंध नाही, आमच्या गल्लीशी नाही. मायचा नेमका त्या दिवशी घाईचा गठ्ठा आला होता. "तू जा, मी फोन करून ठेवते," ती म्हणाली.

चलथाणच्या काकू बोलक्या निघाल्या. उसाचे ट्रॅक्टर बाहेरून धडधडत जात होते, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाल्या, "गाव? बारा वर्षं झाली पाहून. सासरच्यांनी हाकललं. माहेरी तर कोणी उरलंच नाही. मी जाते कुठं?" मी लिहून घेतलं. मग पोरांच्या शाळेचं झालं, पाण्याचं झालं. आणि अर्ध्या तासानं काकू एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला, रेकॉर्डरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गावाला गेलं तर पाटावर बसवतात, सुरतेत दारात उभं करतात."

मी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही तर गावाला जातच नाही. मग पाटावर बसवतं कोण?"

काकू गोंधळल्या. "चुकलं का काही? चुलीचं राहिलं, ते म्हणते ना आता." मी पेन पुन्हा उचललं नाही, तेव्हा त्या घाबरल्याच. "तुझ्या मायनं असंच सांगितलं होतं गं. म्हणे पोरीच्या परीक्षेचं आहे, बाकी काय बोलायचं ते बोल, पण एवढं तेवढं बोलून टाक. पुन्हा बोलू का? पहिल्यापासून?"

परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती. मी उभी राहिले. बसणं शक्यच नव्हतं. दहा बायका, दहा चहा, दहा वेळा अंगावर आलेला काटा. दुसऱ्या बाईनं ते वाक्य म्हणताना मायकडे बघितलं होतं, ते मला आता दिसलं. पाचवी मध्येच अडखळली होती आणि माय खोकली होती. कसलं सॅच्युरेशन नि कसलं काय! मी कोणाला शिव्या घालाव्यात तेच कळेना. दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत आले.

"माय, बायकांना काय पढवून ठेवलंस तू?"

तिनं कात्री थांबवलीसुद्धा नाही. "पढवलं काय त्यात. आठवण दिली नुसती. तुला ते आवडलं होतं ना? नाचत होतीस."

"अगं, मला आवडायला नको होतं ते! त्यांच्या मनातलं हवं होतं मला! तुझ्या या अडाणीपणापायी माझी पाच वर्षं मातीत गेली, कळतंय का तुला?"

'अडाणी' हा शब्द मी मायला पहिल्यांदा तोंडावर म्हटला. मनात पूर्वीही म्हटला असेन. तिनं हातातली साडी घडी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि आत जाऊन भात लावला. मला लाज वाटली, खूप वाटली, पण माफी मागण्याइतकी नाही. मी गच्चीवर निघून गेले.

तीन दिवस मी त्या गच्चीवर येरझारा घातल्या. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मी एकच गोष्ट मनाशी घोळवत होते, की हे कोणाला कळणार आहे? रेकॉर्डिंगमध्ये बायकांचे आवाज आहेत, वाक्य आहे, खोटं कुठेच दिसत नाही. मॅडम खूश, मार्च जवळ. हात दाखवून अवलक्षण कशाला? चलथाणची एक मुलाखत गाळली की झालं. मी त्या मुलाखतीची फाईल दोनदा कचऱ्यात टाकली आणि दोनदा बाहेर काढली. मग एक वाट दिसली. पहिली, मावशीची मुलाखत तरी खरी असणार. तेव्हा ते वाक्य कोणालाच माहीत नव्हतं, तर माय पढवणार कशी? निदान तेवढं तरी माझ्याकडे आहे. उतरवलेले कागद घेऊन मी मावशीकडे गेले आणि विचारलं, हे तुम्ही मनानं म्हणालात ना?

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. "काखेत कळसा न् गावाला वळसा! अवं, हे तुझ्या मायचं बोलणं! दरसाल कानबाईहून आली की नळावर हेच म्हणते. मला तीन दाताच्या बाईला एवढं सुचतंय का?"

कानबाई ही आमची खानदेशातली देवी, श्रावणात घरोघरी येते. सुरतेतला खानदेशी माणूस कुठेही असो, कानबाईच्या रोटाला, म्हणजे भाऊबंदांनी मिळून करायच्या प्रसादाच्या जेवणाला, गावी पोचतो. त्या आठवड्यात आमची गल्ली ओस पडते. आम्हीही जायचो, मीच कॉलेजात गेल्यापासून सोडलं. अभ्यास आहे, असं सांगायचे. म्हणजे माय इतकी वर्षं परत येऊन नळावर काय बोलते, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक, आणि मला नाही. मी मावशीच्या उंबऱ्यावरच बसले. तीनदा वाचून दाखवलं होतं मी. शाळेचं तोंड न बघितलेली बाई काय बोलून गेली, असं मायला सांगितलं होतं, मायचंच वाक्य.

घरी गेले तर ती गिलकी चिरत होती. या वेळी आवाज चढला नाही. "तुझं होतं ते. मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारं का माले कधी?" ती म्हणाली. विचारलंस का तू मला कधी? विळी बाजूला केली आणि पुढचं सगळं एका दमात बोलली. "दहा बायकांच्या घरी तुझ्याशेजारी बसले मी. प्रत्येकीला विचारलंस, कधी आलात, काय वाटतं, काय दुखतं. मला वाटायचं, आता घरी गेल्यावर विचारेल. उद्या विचारेल. तू घरी यायचीस न् कानात ते घालून बसायचीस. मग म्हटलं, आपलं बोलणं दुसरीच्या तोंडून का होईना, पण तिच्या पुस्तकात जाऊ दे."

मी तिला का विचारलं नव्हतं? कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. आई म्हणजे अगदी जवळचं नातं, संशोधकानं अंतर ठेवावं, वगैरे. थापा. खरी गोष्ट ही, की मला वाटत होतं तिचं मला सगळं माहीत आहे. जिच्या हातचं रोज जेवते तिला विचारायचं काय? माझं डोकं इतर सगळ्यांसाठी रिकामं होतं, तिच्यासाठी भरलेलं होतं. गिलकी तशीच राहिली आणि मी रडले, तेही तिच्यासमोर, आणि 'अडाणी' म्हटल्याबद्दल चुकलं म्हणाले. "चल, भाजी करपेल," ती म्हणाली. भाजी अजून गॅसवर चढलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "अकरा बाद," त्या म्हणाल्या. दाराच्या बावीस पानांवर त्यांनी नुसता हात ठेवला आणि बाजूला सरकवली. मुदतवाढीचा अर्ज तिथेच बसून लिहून घेतला. सहा महिने मिळाले, शेवटचे. कायम जागा गेली, ती दुसरीला मिळाली, आणि तिला पेढे द्यायला मीच हसत उभी होते. त्या दिवशी मी दारातून निघताना मॅडमनी एवढंच विचारलं, "अने तारी मम्मी?" आणि तुझी आई? तिला कधी विचारणार?

रविवारी दुपारी मी मायला समोर बसवलं. तिनं लग्नाकार्याची साडी नेसली होती. वडिलांना बाजारात पिटाळलं होतं, शेजारणींना सांगून ठेवलं होतं की आज माझं आहे, कोणी येऊ नका. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, तुम्ही कधीही थांबू शकता. तिनं एकेक शब्द लक्ष देऊन ऐकला आणि सही केली, सावकाश, जोडाक्षरासकट. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "तुम्ही सुरतेला कधी आलात?" आणि आम्ही दोघी हसलो.

मग ती बोलायला लागली. पाटाचं सांगितलं. एका कानबाईला ती पुरण वाटायला बसली, तर मोठ्या जावेनं हातातून वरवंटा काढून घेतला. तू बस वर, तू आता सुरतवाली, पाहुणी. सगळ्या बायका चुलीभोवती घाम पुसत होत्या आणि ही एकटी पाटावर, हात मांडीवर ठेवून. त्या दिवसापासून गावी गेलं की करमत नाही, म्हणाली. मी त्या वेळी तिथेच अंगणात खेळत असणार. मला यातलं काही माहीत नव्हतं.

"आणि दार?" मी विचारलं. "व्यापाऱ्याच्या दुकानाचं, ना?" असं उत्तर सुचवून विचारायचं नसतं, हे मी वर्गात शिकवते.

तिला नवलच वाटलं. "दुकानाचं कसलं? शेठ तर आत बोलावतो. पंख्याखाली बसवतो, पाणी देतो. चांगला माणूस आहे."

"मग कुठलं?"

"तुझ्या कॉलेजचं."

ती अगदी सरळ सांगत होती, पाण्याचं किंवा शाळेचं सांगावं तसं. मी बी.ए.ला दुसऱ्या वर्षाला असताना मला बक्षीस मिळालं होतं. ती बघायला आली होती. मी गेटपाशी धावत आले आणि म्हणाले, तू इथेच थांब, मी आलेच. आत माझ्या गुजराती मैत्रिणी होत्या, आणि माय तोंड उघडणार म्हणजे अहिराणी. मी आलेच नाही. कार्यक्रम संपल्यावर आले. "ऊन फार होतं," माय म्हणाली. "वॉचमननं स्टूल दिलं. मी नाही बसले. म्हटलं, ती बोलवायला येईल न् मी बसलेली असेन तर दिसायची नाही तिला."

मी विसरले होते असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मला आठवत होतं, फक्त तिलाही आठवत असेल असं कधी वाटलं नव्हतं. रेकॉर्डर चालूच होता. मायनं त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हे लिहिशील?"

"लिहावं लागेल, माय."

"मग माझं नाव घाल खुशाल. मी बोललेय, मला कशाची लाज? तुझं तेवढं घालू नको. तू मास्तरीण आहेस, लोक तुला नावं ठेवतील."